लहान कुत्र्यांचे अतिभुंकणे

साधारण दहा किलोंपेक्षा कमी वजनाच्या पाळीव कुत्र्याने कारण संपल्यावरही भुंकत राहणे किंवा रोजच्या निरुपद्रवी हालचालींवर दिवसभर भुंकणे, याला अतिभुंकणे म्हणतात. हा आजार नव्हे. बहुतेक वेळा ती उपजत राखणवृत्तीवर चढलेली सवय असते आणि ती घरच्यांच्या नकळत घरातच पोसली जाते.

विदर्भातील खेड्यांत घरात पाळलेले लहान कुत्रे बहुधा पांढरे, केसाळ ‘पामेरियन’ असते. प्रत्यक्षात ते बरेचदा इंडियन स्पिट्झ निघते; खरा पॉमेरेनियन जेमतेम दीड ते सव्वातीन किलोंचा. स्पिट्झ कुळातील अनेक जाती परका माणूस दिसताच धन्याला उठवण्यासाठी जोपासल्या गेल्या. डॅशहंड ही जर्मन जात बॅजर या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्यामागे बिळात शिरणारी. जमिनीखालून भुंकून शिकाऱ्याला जागा कळवणे हे तिचे कामच होते. अशा कुत्र्याला मुके करण्याचा हट्ट व्यर्थ आहे. दोन-चार वेळा भुंकून ते थांबले, की साधले असे समजावे.

सवय पक्की होते ती फाटकाशी. दूधवाला येतो, भंगारवाला हाक देत जातो, शेताकडे बंडी निघते, फटफटी गल्लीतून सुटते. यांतले कोणीच थांबणार नसते; पण कुत्र्याचा हिशेब वेगळा असतो: मी भुंकलो आणि तो पळाला. दिवसातून वीस वेळा असा ‘विजय’ मिळाला, की पुढच्या वेळी ते आणखी लांबून आणि जोरात सुरुवात करते. ओसरीच्या खांबाला आखूड साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे तर अधिकच बिघडते. दिसते सगळे, जाता कोठेच येत नाही आणि भीती वाटली तर मागे सरायला जागा नाही. भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही म्हण येथे खोटी ठरते. भ्यालेले लहान कुत्रे भुंकता भुंकता पोटरीला दात लावते.

उपायाआधी सात दिवस वहीत टिपण ठेवावे: वेळ, कशावर भुंकले, किती मिनिटे आणि घरच्यांनी तेव्हा काय केले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ घरांत आजी भाकरीचा तुकडा टाकून कुत्र्याला गप्प करते, म्हणजे भुंकण्याची मजुरी देते. ओरडून दटावणेही फारसे वेगळे नाही. कुत्र्याच्या लेखी धनीसुद्धा सोबत भुंकू लागतो.

पहिले काम दृष्टी अडवण्याचे. फाटकाच्या खालच्या दोन-अडीच फुटांवर पत्रा किंवा तट्ट्या बांधावा आणि कुत्र्याची जागा मागच्या खोलीकडे हलवावी. मग शिकवणी. उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. कांदा, लसूण लागलेले काहीही देऊ नये, ते कुत्र्याला विषारी असते. घरच्या माणसाला पंधरा-वीस मीटरवरून सायकलवर जायला सांगावे. कुत्र्याने पाहिले पण अजून भुंकले नाही, त्याच क्षणी तुकडा द्यावा. भुंकले तर अंतर कमी पडले असे समजून मागे जावे. भुंकून थांबल्यावर एका सेकंदाच्या शांततेला ‘बस’ (म्हणजे पुरे) म्हणून तुकडा, मग दोन, पाच, दहा सेकंदांना. एक बैठक पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा पुरे. खाऊ रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको, नाहीतर भुंकणे कमी आणि वजन जास्त.

लक्ष वेधण्यासाठी भुंकणाऱ्याकडे पाठ फिरवावी लागते. अशा वेळी सुरुवातीचे काही दिवस भुंकणे वाढते. मिळणारे मिळेनासे झाले म्हणून ते जोर लावून पाहते. बहुतेक घरे येथेच हार मानतात. दहाव्या मिनिटाला तुकडा टाकला, तर कुत्रे दहा मिनिटे भुंकायला शिकते.

कापूस वेचणीच्या दिवसांत प्रश्न पालटतो. सगळे घर सकाळी शेतात जाते आणि कुत्रे संध्याकाळपर्यंत एकटे कण्हत, हेल काढत राहते. यासाठी हंगामाच्या तीन-चार आठवडे आधीपासून अर्धा मिनिट, दोन, पाच, पंधरा मिनिटे असे बाहेर जाऊन परतावे. निघताना लाड करू नयेत. निघण्याआधी अर्धा तास फिरवावे आणि कोरडे खाणे जुन्या टॉवेलच्या घडीत लपवून हुंगायला लावावे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात कसूर करणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

उन्हाळ्यात फिरणे सकाळी सहाच्या आत आणि अंधार पडल्यावरच. कूलरच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात, म्हणून त्या दिवसांत रात्री थोडी शांतता असते. पावसाळ्यात कूलर बंद होतो आणि गावकुत्र्यांच्या भुंकण्याची साखळी पुन्हा ऐकू येते. पंखा चालू ठेवल्याने थोडाफार तोच उपयोग होतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात जंगलालगतच्या गावी लहान कुत्रे रात्री आंगणात बांधू नये. बिबट कुत्र्यांची शिकार करतो आणि बांधलेल्याला पळताही येत नाही.

तोंड दोरीने बांधण्याची पद्धत धोक्याची आहे. कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते. 45 अंशांच्या उन्हात बंद तोंडाचे कुत्रे थोड्याच वेळात उष्माघाताने मरू शकते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय देऊ नयेत.

सवय अचानक बदलली तर मात्र ढोरांचा दवाखाना गाठावा. कानातील पू, दातदुखी यांनी कुत्रे चिडखोर होते. नऊ-दहा वर्षांपुढे रात्री विनाकारण भुंकणे हे मेंदूच्या म्हातारपणाचे लक्षण असू शकते. बदकासारखा ‘होंक-होंक’ खोकला भुंकणे समजला जातो. तो श्वासनलिका चपटी होण्याचा असू शकतो, अशा कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा घालावा. आवाज एकाएकी घोगरा झाला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर रेबीजची शंका घ्यावी. हाड अडकले असेल म्हणून घशात हात घालू नये. कुत्र्याला खोलीत कोंडून डॉक्टरांना बोलवावे. चावा बसला किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी.