ब्रीफिंग आणि प्रतिबंधक सत्र: वर्ग सारखाच दिसतो, काम मात्र वेगळं

अमेरिकी लष्करात लैंगिक अत्याचाराबद्दलचा वर्ग म्हटला की दोन गोष्टी एकाच नावावर खपतात: वार्षिक ब्रीफिंग आणि प्रतिबंधक सत्र. दोन्हीकडे जवान खुर्च्यांवर आणि समोर कुणीतरी बोलणारं. त्यामुळे जो ब्रीफिंग फर्डं घेतो त्याच्याच गळ्यात सत्रही पडतं. घोळ इथूनच सुरू होतो.

ब्रीफिंगचं काम माहिती पोचवणं. कायदा काय सांगतो, मदत कुणाकडे मिळते, तक्रारीचे मार्ग कोणते. गोपनीय नोंदीची सोय २००५ पासून आहे; त्यात उपचार आणि समुपदेशन मिळतं, पण गुन्ह्याचा तपास सुरू होत नाही. खुल्या तक्रारीत कमांडला, म्हणजे तुकडीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, कळतं आणि तपास सुरू होतो. एवढं भरल्या सभागृहातही सांगता येतं. सांगणाऱ्याला नियम बिनचूक ठाऊक असले की झालं.

सत्राचं काम अत्याचार होण्याआधीच रोखायला शिकवणं. तिथे जवानाला प्रत्यक्ष काहीतरी करता यायला हवं, म्हणून गट वीस-पंचवीसचाच ठेवावा. प्रशिक्षक दोन: एक सत्र चालवतो, दुसरा चेहरे वाचतो आणि कुणी अस्वस्थ होऊन बाहेर गेलं तर मागोमाग जातो. वरिष्ठ आणि नवे जवान शक्यतो वेगळे बसवावेत, नाहीतर सार्जंटच्या तोंडाकडे बघून उत्तरं येतात.

एक प्रसंग घ्या. शुक्रवारची रात्र, बराकीतली पार्टी. एका नव्या मुलीला धड उभंही राहता येत नाहीये आणि एक सार्जंट तिला खोलीकडे नेतोय. ‘काय कराल?’ असं विचारलं की अख्खा वर्ग म्हणतो, ‘थांबवू.’ कच्चा प्रशिक्षक खूश होऊन पुढच्या स्लाइडवर जातो. तयार प्रशिक्षक तिथेच अडतो: ‘त्याला नेमकं काय म्हणाल? आत्ता म्हणा.’ वर्ग चिडीचूप. खरं सत्र इथून सुरू होतं. ‘सार्जंट, हिची रूममेट हिला शोधतेय, मी सोडून येतो,’ हे लक्ष वळवणं. ड्यूटीवरच्या माणसाला बोलावणं, हे काम दुसऱ्याकडे सोपवणं. समोरासमोर अडवणं हा तिसरा मार्ग, आणि हुद्द्याच्या उतरंडीत तोच सगळ्यात जड. तिन्ही मार्गांची वाक्यं प्रत्येकाने उभं राहून म्हणायची, चुकलं की पुन्हा.

प्रशिक्षकाची तयारीही तशीच करून घ्यावी लागते. आधी जाणत्याचं सत्र पाहायचं, मग एक तुकडा घ्यायचा, मग निरीक्षकासमोर पूर्ण सत्र. निरीक्षकाच्या हातात तपासयादी हवी: कोणता भाग गाळला, सराव किती मिनिटं झाला, ‘तिने एवढी प्यायलीच कशाला?’ या प्रश्नावर प्रशिक्षक काय बोलला. नव्वद मिनिटांचं सत्र पंचेचाळीसवर आणा, असा निरोप आला की पहिला बळी सरावाचा जातो आणि उरतं ते ब्रीफिंगच. उदाहरणं नौदलाची की पायदळाची, हे खुशाल बदलावं. सरावाला मात्र हात लावू नये.

पीडितांना आधार देणाऱ्यांनाच हे काम द्यायची सवयही जुनी. त्यांचं ४० तासांचं प्राथमिक प्रशिक्षण घटनेनंतरच्या मदतीचं असतं. त्यात वर्ग चालवणं कुठून येणार? २०२१ मध्ये अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या स्वतंत्र आढावा आयोगाने प्रतिबंधासाठी वेगळं, पूर्णवेळ मनुष्यबळ सुचवलं ते उगाच नाही. उलट बाजूने, प्रतिबंधाच्या प्रशिक्षकाला त्या कर्मचाऱ्यांसारखं गोपनीयतेचं कवच नसतं. म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकावं: इथे स्वतःची हकिगत उघड करू नका, गोपनीय बोलायचं तर अमुक व्यक्ती, हा फोन.

मोजमापही वेगळं. ब्रीफिंगला हजेरीपट पुरतो. सत्रासाठी तक्रारींचा आकडा हा फसवा मापदंड: विश्वास वाढला की तक्रारीही वाढतात, आणि नेमकं तेव्हाच एखादा कमांडर कार्यक्रम गुंडाळतो. बघायचं ते उत्तरं देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवून होणाऱ्या संपूर्ण लष्कराच्या सर्वेक्षणाकडे. त्यानुसार वर्षभरात नकोसा लैंगिक स्पर्श वा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण २०२१ मध्ये ८.४ टक्के होतं, २०२३ मध्ये ६.८. ही घट कुठल्या एका कार्यक्रमाच्या खात्यावर मांडता येत नाही. म्हणून आपल्या तुकडीपुरतं, सत्राआधी आणि काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात.