ध्वनिक प्रतिध्वनी निरसन

हँड्स-फ्री दूरध्वनीच्या स्पीकरमधून उमटलेला पलीकडच्या माणसाचा आवाज त्याच यंत्राच्या माइकमध्ये शिरून पुन्हा त्या माणसाकडे जाऊ नये, यासाठी केल्या जाणाऱ्या संकेत-संस्करणास (ध्वनीच्या विद्युत संकेतावरील गणिती प्रक्रियेस) ध्वनिक प्रतिध्वनी निरसन म्हणतात. गंमत अशी की, त्रास होतो एकाला आणि त्याचा बंदोबस्त करावा लागतो दुसऱ्याच्या यंत्राला. परतीचा विलंब अगदी अल्प असेल, तर बोलणाऱ्याला तो जाणवत नाही. परंतु मोबाइल आणि इंटरनेटवरील संभाषणात आवाजाचे संकेतन (आकड्यांत रूपांतर) व वहन यांतच इतका वेळ जातो की, क्षीण प्रतिध्वनीही स्पष्ट ऐकू येतो.

जुन्या स्पीकरफोनमध्ये एका वेळी एकच दिशा खुली ठेवत असत. पलीकडचा बोलू लागला की माइक दाबला जाई आणि अलीकडचा बोलू लागला की स्पीकर. दिशा पालटेपर्यंत वाक्याचा आरंभ गळत असल्याने ‘न पाठवलेले बरे’ याचे ‘पाठवलेले बरे’ होणे अशक्य नव्हते.

आजची मुख्य रीत अनुकूली, म्हणजे परिस्थितीनुसार स्वतःला बदलणाऱ्या, फिल्टरची आहे. स्पीकरकडे जाणारा संकेत यंत्राला ठाऊक असतोच. तो खोलीतून फिरून माइकपर्यंत कोणत्या रूपात पोहोचेल याचा अंदाज फिल्टर बांधतो, तो अंदाज माइकच्या संकेतातून वजा केला जातो आणि उरलेल्या चुकीवरून फिल्टरचे गुणक (अंदाज ठरवणारे आकडे) सतत सुधारले जातात. या कल्पनेचा पाया १९६०च्या दशकात अमेरिकेतील बेल या दूरध्वनी संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला. मनमोहन सोंधी यांचा १९६७चा शोधनिबंध त्यातलाच. मात्र तेव्हाचे लक्ष्य दूरध्वनीच्या तारांत उद्भवणारा प्रतिध्वनी हे होते. तो आखूड आणि बराचसा स्थिर असतो. खोलीचे तसे नाही. तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून आवाज सुमारे १७ मिलिसेकंदांत परततो, पण पुढे भिंती, छत आणि टेबल यांवरून होणाऱ्या परावर्तनांचे शेपूट लांबत जाते. आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, घेतल्यास ३०० मिलिसेकंदांचे शेपूट झाकण्यासाठी २,४०० गुणक लागतात आणि प्रत्येक नमुन्यागणिक त्यांवरून अंदाज बांधून ते सुधारायचेही म्हटल्यास सेकंदाला जवळजवळ चार कोटी गुणाकार होतात. शिवाय कोणी खुर्चीवरून उठले किंवा दार उघडले, तरी शिकलेला मार्ग बदलतो.

तरीही खरी अडचण वजाबाकीची नाही, शिकणे केव्हा थांबवावे हे ओळखण्याची आहे. दोघे एकदम बोलू लागले की अलीकडच्या माणसाचा आवाज फिल्टरला स्वतःची चूक वाटतो आणि ती सुधारण्याच्या नादात चांगले जमलेले गुणक बिघडतात. म्हणून दुहेरी बोलणे हेरणारा स्वतंत्र भाग ठेवून तेवढ्यापुरते अनुकूलन रोखतात किंवा मंद करतात.

लहान स्पीकर मोठ्या आवाजात विकृती निर्माण करतात. ती रेषीय, म्हणजे मूळ आवाजाच्या उशिरा व कमी-जास्त जोराने येणाऱ्या प्रतींची केवळ बेरीज करणाऱ्या, फिल्टरच्या आवाक्याबाहेर असते. वजाबाकीनंतर उरणारा हा अवशेष वेगळ्या टप्प्यात दाबला जातो आणि दूरध्वनीची लाइन बंद पडल्यासारखी वाटू नये म्हणून त्या जागी हलकी कृत्रिम खरखर भरली जाते. अलीकडे या टप्प्यात न्यूरल नेटवर्कही (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) वापरतात.

संगणकाला स्पीकर एका उपकरणाचा आणि माइक दुसऱ्याचा जोडला असल्यास आणखी एक अडचण येते. दोन्ही उपकरणे सेकंदाला १६,००० नमुने घेत असल्याचे सांगतात, पण त्यांच्या घड्याळांत सेकंदामागे एका नमुन्याचा फरक असला, तरी मिनिटाभरात ६० नमुन्यांची, म्हणजे पावणेचार मिलिसेकंदांची तफावत पडते आणि खोलीत काहीही हललेले नसताना फिल्टरला प्रतिध्वनीचा मार्ग सतत सरकताना दिसतो.