घरी गाडी चार्ज करताना: अडॅप्टर, केबल आणि अर्थिंग

गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर बहुधा ३.३ किलोवॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो १४-१५ अँपिअर करंट घेतो. गिझरही बराच करंट घेतो, पण पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडीची ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल, तर हाच भार नऊ-दहा तास चालू राहतो. वायरिंग कच्चं असेल तर ते इथे उघडं पडतं.

जाड पिनांचा प्लग साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडून देणारा कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतो. गाडीसाठी मागितला तर आम्ही देत नाही. पिना बसल्या म्हणून भिंतीतली वायर जाड होत नाही. एक्स्टेंशन बोर्डही नको, आणि गुंडाळी तशीच ठेवून तर मुळीच नको. आतली उष्णता अडकून इन्सुलेशन वितळतं. केबल पुरत नसेल तर पॉइंटच गाडीजवळ घ्या.

आता खरा मुद्दा अर्थिंगचा. अर्थिंग सापडलं नाही तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मग कोणीतरी ‘जुगाड’ सुचवतं: प्लगमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी बाजू) आणि अर्थ एका तारेने जोडायचे. असे तयार प्लगही मिळतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. पण त्या लाइनचा न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला, की फेजचा जिवंत करंट त्याच तारेतून गाडीच्या पत्र्यावर येतो. दाराला हात लावणाऱ्याला शॉक बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. असा प्लग तुमच्याकडे असेल तर आजच काढून टाका.

नागपुरात महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत अनेकदा अर्थची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नसते. नवीन घरातही अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. आपली काळी माती भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत राहा आणि वर्षातून एकदा अर्थ टेस्टरने (साध्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरने नव्हे) रोध मोजून घ्या.

पोर्टेबल चार्जरला डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीपासून) वेगळी ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवा. ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सला, म्हणजे भिंतीवर बसवायच्या चार्जरला, ३२ अँपिअर लागतात, त्यामुळे त्याची वायर किमान ६ चौरस मिमीची हवी. आरसीसीबी मात्र चार्जरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचाच घ्या. त्याआधी महावितरणकडचा मंजूर भार तपासा. मे महिन्यात दोन कूलर, एसी आणि गाडी एकाच वेळी चालणार आहेत, हे धरूनच हिशोब करा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवू नका. तो पडतो ते वायर वाचवायलाच.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने चार्जिंग थांबवून, स्विच बंद करून प्लग काढून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, पिना तपकिरी पडल्या असतील किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा लावू नका. चार्जरचा डबा प्लगला लोंबकळत ठेवू नका, त्याच्या वजनाने सॉकेटमधली पकड सैल होते. भिंतीला एक हुक ठोका. उघड्या पार्किंगमध्ये सॉकेटला पावसापासून वाचवणारं झाकण हवंच.

आमच्याकडे केबल घ्यायला येताना मीटर, डीबी आणि सॉकेट यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन या. डीबी ते पार्किंग अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल, आमचा वायरमन टेप घेऊन येईलच.