ऑनलाइन व्हिडिओ गेममधील चीटिंग : शोध आणि प्रतिबंध

ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये नियमबाह्य सॉफ्टवेअर किंवा उपकरण वापरून मिळवलेला फायदा ओळखणे, तो रोखणे आणि दोषी खात्यावर कारवाई करणे यासाठी जे तांत्रिक उपाय योजले जातात, त्यांना एकत्रितपणे अँटी-चीट म्हणतात. चीट वापरणारा खेळाडू बहुतेक वेळा स्वतः प्रोग्रॅमर नसतो. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम त्याने दिवसाच्या किंवा महिन्याच्या वर्गणीवर घेतलेला असतो. त्यामुळे गेम कंपन्यांची खरी झुंज एकेकट्या खेळाडूशी नसून चीट विकणाऱ्यांच्या बाजाराशी असते.

अडचणीचे मूळ गेमच्या रचनेतच आहे. ऑनलाइन गेमचा एक भाग कंपनीच्या सर्व्हरवर आणि दुसरा खेळाडूच्या यंत्रावर, म्हणजे क्लायंटवर, चालतो. हे यंत्र खेळाडूच्या मालकीचे असते. त्यातली मेमरी तो वाचू शकतो, फायली बदलू शकतो, नेटवर्कवरून येणारी-जाणारी माहिती अडवू शकतो. वॉलहॅक भिंतीआडचे शत्रू दाखवतो तेव्हा तो नवे काहीच शोधत नाही. शत्रूची जागा क्लायंटला आधीच कळवलेली असते, वॉलहॅक ती फक्त पडद्यावर आणतो. आपोआप नेम धरणाऱ्या एमबॉटचे गणितही शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. शत्रूच्या डोक्याचे तीन निर्देशांक मेमरीतून वाचायचे, स्वतःचे तीन वाचायचे, वजाबाकीवरून दोन कोन काढायचे आणि नेम त्या कोनांवर वळवायचा. अवघड असते ते पकडले न जाणे. म्हणून महागडे एमबॉट नेम मुद्दाम थोडा चुकवतात, वळताना हात थरथरल्याचा आभास निर्माण करतात आणि सगळ्या गोळ्या डोक्यात घालत नाहीत.

चीटचे इतर प्रकार थोडक्यात सांगता येतील. शत्रू नेमाखाली येताच आपोआप गोळी झाडणारा ट्रिगरबॉट, वेग वाढवणारा स्पीडहॅक, स्वतःचे नेटवर्क क्षणभर तोडून प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकणारा लॅग स्विच, माणसाऐवजी तासन्‌तास खेळून गेममधली संपत्ती जमवणारे बॉट. कुशल खेळाडूने नवख्यांत मिसळण्यासाठी दुसरे खाते उघडणे किंवा पैसे घेऊन दुसऱ्याच्या खात्याची रँक वाढवून देणे, हे प्रकारही नियमांविरुद्ध असू शकतात. पण त्यांत सॉफ्टवेअरची लबाडी नसल्याने त्यांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो.

यावरचा सर्वांत भक्कम उपाय म्हणजे क्लायंटवर विश्वास न ठेवणे. क्लायंटने ‘मी इथे पोहोचलो’ असे कळवायचे नाही, ‘मी पुढे जाण्याचे बटण दाबले’ एवढेच कळवायचे. कुठे पोहोचला हे सर्व्हर ठरवणार. या एका नियमाने स्पीडहॅक आणि हवे तितके पैसे किंवा आयुष्य वाढवणारे चीट जवळजवळ निकालात निघतात. वॉलहॅकचे तसे होत नाही, कारण तो काही बदलत नाही, फक्त पाहतो. त्यावर उपाय एकच: जे दिसायला नको ते क्लायंटला पाठवायचेच नाही. रायट गेम्सच्या व्हॅलोरंटमध्ये सर्व्हर कोणाला कोण दिसू शकते याचा हिशेब करतो आणि दिसण्याची शक्यता निर्माण होईपर्यंत शत्रूची जागा कळवत नाही.

इथेच वेग आणि गुप्तता यांची ओढाताण सुरू होते. माहिती सर्व्हरकडून खेळाडूकडे पोहोचायला काही मिलिसेकंद लागतात. शत्रू कोपऱ्यावरून वळल्यावरच त्याची जागा पाठवली, तर तो पडद्यावर एकदम हवेतून उगवल्यासारखा दिसेल आणि प्रामाणिक खेळाडूच मारला जाईल. म्हणून ती थोडी आधी पाठवावी लागते, आणि तेवढा अवधी वॉलहॅकच्या पदरात पडतो. भिंतीआडची पावले ऐकू यायची असतील तर आवाजाची दिशाही पाठवणे आले. अनेक रणनीतीप्रधान गेममध्ये तर प्रत्येक यंत्र संपूर्ण डाव स्वतःच चालवते आणि यंत्रांमध्ये फक्त आज्ञांची देवाणघेवाण होते. तिथे सगळा नकाशा प्रत्येकाच्या मेमरीत असतो, त्यामुळे नकाशाचा लपलेला भाग उघड करणारा मॅपहॅक मुळापासून थांबवता येत नाही. एमबॉटवर तर माहिती लपवण्याचा काहीच उपयोग नाही, कारण ज्याच्यावर नेम धरायचा तो समोर दिसतच असतो.

मग उरते ती खेळाडूच्या यंत्रावरची राखण. आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९९ मध्ये क्वेक या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, खुला केल्यावर बदललेल्या क्लायंटांचा सुळसुळाट झाला आणि प्रश्नाचे स्वरूप सर्वांसमोर आले. २००० मध्ये पंकबस्टर हे अँटी-चीट आले, २००२ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे व्हॅक. ही साधने अँटिव्हायरसच्या धर्तीवर चालत: ज्ञात चीटच्या कोडच्या खुणांची यादी ठेवायची आणि मेमरीत त्या सापडतात का ते पाहायचे. ब्लिझर्डचे वॉर्डन वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट चालू असताना खेळाडूने उघडलेल्या इतर विंडोंची शीर्षकेही वाचते, हे २००५ मध्ये उघड झाले आणि खासगीपणाच्या वादाला तोंड फुटले. तो वाद अजून मिटलेला नाही.

चीट लिहिणारे पुढे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, उतरले. तिथून चालणारा प्रोग्रॅम साध्या प्रोग्रॅमला दिसत नाही, म्हणून अँटी-चीटही खाली गेले. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट कर्नल ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा प्रोग्रॅम, वापरतात. २०२० मध्ये व्हॅलोरंटसोबत आलेल्या व्हॅनगार्डने एक पाऊल पुढे टाकले: त्याचा ड्रायव्हर गेम उघडल्यावर नव्हे, संगणक सुरू होतानाच चालू होतो, म्हणजे चीटला आधी येऊन दबा धरता येत नाही. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सिक्युअर बूट ही सोयही लागते.

याची किंमत खेळाडू मोजतो, आणि ती काल्पनिक नाही. कॅपकॉमने २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ साठी दिलेल्या ड्रायव्हरमुळे कोणत्याही प्रोग्रॅमला कर्नलचे दार उघडे झाले. कंपनीला तो तातडीने मागे घ्यावा लागला. गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) पसरवणाऱ्यांनी संगणकावरील अँटिव्हायरस बंद पाडण्यासाठी वापरल्याचे २०२२ मध्ये समोर आले. तो गेम कधीच न खेळलेल्यांच्या यंत्रांवरही हा ड्रायव्हर नेता येत होता. ईएसईए या स्पर्धा-सेवेच्या क्लायंटमध्ये तर २०१३ मध्ये खेळाडूंच्या नकळत बिटकॉइन खणणारा कोड सापडला. गल्लीच्या पहारेकऱ्याला घराच्या तिजोरीचीही किल्ली देण्यासारखा हा सौदा आहे. अनेक खेळाडू तो राजीखुशीने करतात, कारण चीटरांनी भरलेला सामना त्यांना अधिक नकोसा वाटतो.

शिवाय कर्नलही शेवटची पायरी नाही. डीएमए, म्हणजे मेमरीत थेट प्रवेश, या पद्धतीत संगणकाच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत एक कार्ड बसवतात. हे कार्ड प्रोसेसरला न विचारता मेमरी वाचते आणि दुसऱ्या संगणकाला पाठवते. चीट त्या दुसऱ्या संगणकावर चालते. गेमच्या यंत्रावर शोधण्यासारखा प्रोग्रॅमच नसतो. हे कार्ड नेटवर्क किंवा साउंड कार्ड असल्याची बतावणीही करू शकते. अँटी-चीट अशा वेळी बतावणीतल्या विसंगती शोधते किंवा उपकरणांचा मेमरीवरचा थेट हक्क मर्यादित करणारी हार्डवेअर सुविधा चालू ठेवण्याची सक्ती करते.

यंत्र सोडून खेळाकडेच पाहणारी पद्धत मला अधिक आशादायक वाटते. चीट कुठेही लपो, त्याचा परिणाम नेमाच्या हालचालीत उतरतोच. व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये ओव्हरवॉच ही सोय केली होती, तीत अनुभवी खेळाडू संशयिताच्या सामन्याचे चित्रण पाहून निवाडा देत. पुढे व्हॅकनेट हे डीप लर्निंग मॉडेल याच निवाड्यांवर शिकवले गेले. गोळी सुटण्यापूर्वीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा पाव सेकंद नेम कसा वळला, हे ते तपासते. २०१८ मध्ये कंपनीने दिलेल्या माहितीनुसार, खेळाडूंच्या तक्रारींवरून आलेल्या प्रकरणांत १५ ते ३० टक्के दोषी ठरत, तर व्हॅकनेटने पाठवलेल्यांत ८० ते ९५ टक्के. खेळाडूंचा ‘हा नक्की हॅकर’ हा संताप पुरावा म्हणून किती कच्चा असतो, हे या आकड्यांतून दिसते. मात्र माणसासारखा चुकणारा एमबॉट आणि भिंतीआडचे पाहूनही संयमाने खेळणारा खेळाडू या पद्धतीलाही चकवतात.

पकडल्यावर लगेच बॅन करणे शहाणपणाचे नसते. चीट चालू करताच खाते गेले, तर विक्रेत्याला काय पकडले गेले हे त्याच दिवशी कळते. म्हणून बॅन अनेकदा साठवून एकदम लाटेने लावतात. सापळेही रचले जातात. डोटा २ मध्ये व्हॉल्व्हने सामान्य खेळात कधीच वाचली जाणार नाही अशी माहिती क्लायंटच्या मेमरीत ठेवली आणि ती वाचणारी ४०,००० हून अधिक खाती फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केली. कॉल ऑफ ड्यूटीचे रिकोशे हे अँटी-चीट संशयितालाच दिसतील असे खोटे शत्रू उभे करते. फुकट गेममध्ये नवे खाते उघडायला काही पडत नाही, म्हणून हार्डवेअरची ओळख बॅन करणे आणि फोन क्रमांकाची अट घालणे हे उपाय जोडले जातात.

निरपराधही सापडतात. २०१० मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ च्या सुमारे १२,००० खेळाडूंवर व्हॅकने चुकून बॅन लावला. व्हॉल्व्हने तो उठवला आणि भरपाई म्हणून एक गेम मोफत दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधील अँटी-लॅग प्लस ही सोय गेमच्या कोडमध्येच फेरफार करत असल्याने काउंटर-स्ट्राइक २ च्या खेळाडूंवर बॅन आले, आणि एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

कायद्याचा आधार देशागणिक वेगळा आहे. दक्षिण कोरियात २०१६ च्या दुरुस्तीनुसार चीट बनवणे व वाटणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत कंपन्या प्रामुख्याने कॉपीराइट आणि कराराच्या कायद्यांखाली विक्रेत्यांवर दिवाणी दावे लावतात.

स्पर्धांमध्ये यंत्र आयोजकाचे असले तरी धोका संपत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाच्या एका खेळाडूच्या यंत्रावर ‘वर्ड’ या निरुपद्रवी नावाने ठेवलेला एमबॉट पंचांना सापडला. संघ बाद झाला आणि खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. मार्च २०२४ मध्ये एपेक्स लेजंड्सच्या उत्तर अमेरिकी अंतिम फेरीत उलटेच घडले. बाहेरच्या हल्लेखोराने चालू सामन्यात दोन नामवंत खेळाडूंच्या गेममध्ये त्यांच्या इच्छेविरुद्ध चीट सुरू करून दिले. एकाला सगळे शत्रू भिंतीआडून दिसू लागले, दुसऱ्याचा नेम आपोआप वळू लागला, आणि आयोजकांना फेरी पुढे ढकलावी लागली.