गिरणगाव: टॉवर वाढले, माणसं कमी झाली

जनगणनेतले आकडे आधी पाहू. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33.38 लाख होती. 2011 मध्ये ती 30.85 लाखांवर आली. त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. गर्दी वाढली ती कल्याण-बदलापूर आणि वसई-विरारकडे.

गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळीत माणसं राहत होती ती कापड गिरण्यांमुळे. 1920 च्या दशकातल्या सरकारी बीडीडी चाळींत खोली जेमतेम 160 चौरस फुटांची. कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाने खोली भाड्याने घेतली की तो गावाचा ‘गाळा’. भिंतीला ट्रंका, वळकट्या. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची. जेवण खाणावळीत, हिशेब महिन्याचा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने खासगी चाळींची भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू टिकले खरे, पण मालकांनी डागडुजी सोडली आणि खरा व्यवहार पागडीत, म्हणजे खोलीचा ताबा घेताना द्यायच्या एकरकमी पैशात गेला.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बऱ्याच जणांना पुन्हा कामावर घेतलंच नाही.

मात्र वस्ती पालटली ती जमिनीच्या नियमाने. गिरण्यांखाली सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 नुसार जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. पळवाट त्यातच होती: शेड न पाडता आतला वापर बदलला तर वाटणी लागत नसे. मग शेडमध्येच दुकानं आणि ऑफिसं थाटली गेली. 2001 च्या दुरुस्तीने शेड पाडली तरी तिच्याखालची जमीन वाटणीतून वगळली. वाटणी उरली फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती! उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली.

जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या भाड्याच्या इमारतींचा पुनर्विकास विकास नियमावलीतल्या नियम 33(7) खाली होतो. भाडेकरूला मालकीचं घर फुकट मिळतं, खर्च निघतो विक्रीच्या टॉवरमधून. गाडी अडते नंतर. समजा, बिल्डरने घरटी 10 लाखांचा कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी एकरकमी निधी दिला. 7 टक्के व्याजाने महिन्याला सुमारे 5,800 रुपये येतात. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक धरून मेंटेनन्स 8,000 वर गेला की वरचे 2,200 खिशातून. चाळीत भाडं शंभर-दोनशे भरलेल्या पेन्शनराला हे जड जातं. मग घर भाड्याने देऊन किंवा विकून कुटुंब डोंबिवली-बदलापूर गाठतं. बळजबरी कुणाचीच नसते, म्हणून हे विस्थापन कुठल्याच सरकारी नोंदीत दिसत नाही.