फॅमिली प्लॅन की बिझनेस प्लॅन? पासवर्ड मॅनेजर घेताना फरक नेमका कुठे पडतो

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद जागी सांभाळणारं ॲप, घ्यायचं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो. आमच्या ऑफिसात मोजून पाच जण, बिटवॉर्डनच्या फॅमिली प्लॅनमध्ये सहा जण बसतात आणि वनपासवर्डच्या फॅमिलीत पाच, मग माणशी दर महिन्याला पैसे मोजून बिझनेस प्लॅन कशाला घ्यायचा? प्रश्न रास्त आहे, कारण बघायला गेलं तर ॲप तेच, ब्राउझरचं एक्स्टेन्शन तेच, आणि जाहिरातीत ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा असतो ते एन्क्रिप्शन पण तेच. घरच्यांना साधं आणि ऑफिसवाल्यांना भारीतलं असा भेदभाव तिथे नसतो, दोन्हीकडे मास्टर पासवर्डवरून (ॲप उघडायचा तुमचा एकमेव मुख्य पासवर्ड) किल्ली तुमच्याच मोबाइल-लॅपटॉपवर तयार होते आणि कंपनीच्या सर्व्हरवर जातो तो कुलूपबंद डेटा. त्यामुळे "बिझनेस घेतला म्हणजे जास्त सेफ" हे आधी डोक्यातून काढून टाका.

फरक आहे तो सातबारा कोणाच्या नावावर आहे याचा. पर्सनल आणि फॅमिली प्लॅनमध्ये खातं त्या त्या माणसाचं असतं, तो आपल्या मर्जीने चार गोष्टी शेअर करतो, बाकीचं त्याचं त्याच्याकडे. बिझनेसमध्ये खातं ऑफिसचं असतं आणि माणूस ते वापरतो, नोकरी सुटली की खातं ऑफिसकडेच राहतं. बाकीचे सगळे फीचर, म्हणजे लॉग, ग्रुप, पॉलिसी वगैरे, याच एका गोष्टीतून निघालेत.

उदाहरण म्हणून सीएचं ऑफिस घेऊ, कारण पासवर्डचा इतका पसारा दुसऱ्या कुठल्या छोट्या ऑफिसात क्वचितच असेल. एका क्लायंटमागे इन्कम टॅक्सचा पासवर्ड, जीएसटीचा, टीडीएससाठी ट्रेसेसचा, प्रोफेशनल टॅक्ससाठी महाजीएसटीचा, कामगार असतील तर ईपीएफओचा, आणि हे सगळं "क्लायंट पासवर्ड फायनल न्यू २" अशा नावाच्या एका एक्सेलमध्ये, जी फाइल ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर असते आणि प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते. वर गंमत अशी की इथे माणसं बदलत राहणं हे धंद्यातच आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीए व्हायच्या आधीची ऑफिसातली उमेदवारी, आता दोन वर्षांची झालीये, आधी तीन वर्षं होती, म्हणजे पोरगं कामाला तयार होतंय तोवर त्याची जायची वेळ येते.

आता या ऑफिसाने फॅमिली प्लॅन घेतला असं धरू. आर्टिकलने, म्हणजे अशा उमेदवाराने, स्वतःच्या जीमेलवरून खातं काढलं, सरांनी त्याला फॅमिलीत ॲड केलं, शेअर्ड फोल्डर दिसायला लागला, सगळे खूश. मग २० तारीख येते, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायची घाई, एखाद्या क्लायंटचा पासवर्ड चालत नाही म्हणून हा पोरगा तो रीसेट करतो, कोपऱ्यात पॉप-अप येतो "सेव्ह करू का?", तो हो म्हणतो, आणि नवा पासवर्ड जातो कुठे, तर त्याच्या स्वतःच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे खात्यातल्या पासवर्डच्या तिजोरीत. त्यात त्याची काही लबाडी नाही, डिफॉल्टच तसं असतं. वर्षभराने तो जातो, सर त्याला फॅमिलीतून काढतात, बिटवॉर्डनमध्ये त्याला शेअर्ड फोल्डर दिसायचा बंद होतो ते ठीक, पण त्याचं वैयक्तिक खातं आणि त्यातलं सगळं त्याच्याजवळ राहतं. ऑफिसकडे उरतो जुना पासवर्ड. मग सुरू होतं "अरे तो अमुक क्लायंटचा पासवर्ड पाठव ना" असं व्हॉट्सॲप, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो पासवर्ड परत चॅटमध्येच येऊन पडतो.

बिझनेस प्लॅनमध्ये हेच वेगळं होतं. बिटवॉर्डनच्या एंटरप्राइझमध्ये अशी पॉलिसी लावता येते की ऑफिसच्या माणसाने काहीही सेव्ह केलं तर ते संस्थेच्या मालकीच्या कलेक्शनमध्येच (सामायिक फोल्डरमध्ये) जाणार, स्वतःच्या व्हॉल्टमध्ये ठेवायची सोयच नाही. टीम्स प्लॅन त्याच्याखालचा, त्यात ही पॉलिसी नाही पण ग्रुप आहेत आणि इव्हेंट लॉग आहे, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याची नोंद. माझ्या मते छोट्या ऑफिसासाठी पैसे मोजण्यासारखी खरी गोष्ट हा लॉगच आहे. कारण माणूस काढला तरी त्याने बघितलेला पासवर्ड त्याच्या डोक्यातून काढता येत नाही, तो बदलावाच लागतो, आणि दोनशे क्लायंटचे पासवर्ड बदलत बसायचे की त्याने खरंच उघडलेले तीस-चाळीसच, हे लॉग सांगतो. फॅमिली प्लॅनमध्ये हा लॉग नाही. "पासवर्ड दिसू नये, फक्त भरला जावा" असं एक बटण पण असतं, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका, भरलेला पासवर्ड ब्राउझरमधून बाहेर काढणं आजच्या पोरांना दोन मिनिटांचं काम आहे.

मास्टर पासवर्ड विसरला तर काय, इथे पण गल्लत होते. पर्सनल खात्यात कंपनीला फोन करून उपयोग नसतो, किल्ली त्यांच्याकडे नसतेच. म्हणून बिटवॉर्डनमध्ये इमर्जन्सी ॲक्सेस आहे, म्हणजे तुम्ही नवऱ्याला-बायकोला आधीच नेमून ठेवायचं, त्याने विनंती केली की तुम्ही ठरवलेले दिवस थांबायचं, तेवढ्यात तुम्ही नाही म्हणालात तर बात संपली, नाहीतर दार उघडतं. वनपासवर्डच्या फॅमिलीत जो ऑर्गनायझर असतो तो दुसऱ्याचं खातं परत मिळवून देऊ शकतो, म्हणून तिथे दोघांना ऑर्गनायझर करा, एकच असेल आणि तोच विसरला तर पंचाईत. वनपासवर्डची सीक्रेट की (मास्टर पासवर्डच्या जोडीला लागणारा लांबलचक कोड) असलेली इमर्जन्सी किटची पीडीएफ पण छापून कपाटात ठेवा, नवीन मोबाइलवर लॉगिन करताना नुसता मास्टर पासवर्ड पुरत नाही.

बिझनेसमध्ये मात्र हे काम ॲडमिनचं. बिटवॉर्डन एंटरप्राइझमध्ये खातं अकाउंट रिकव्हरीच्या, म्हणजे खातं परत मिळवायच्या, सोयीत नोंदवलेलं असेल तर ॲडमिन नवा मास्टर पासवर्ड लावून देतो. सोयीचं आहे, पण याचा दुसरा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही: जो नवा मास्टर पासवर्ड लावू शकतो, तो मनात आणलं तर त्या खात्यात शिरूही शकतो. ऑफिसच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, खातं ऑफिसचंच आहे. पण तुम्ही तिथे नोकरीला असाल तर स्वतःचं नेटबँकिंग, डीमॅट, घरच्यांचे आधार नंबर असलं काही ऑफिसच्या व्हॉल्टमध्ये ठेवू नका, नोकरी सोडताना ते खातं त्याच संध्याकाळी बंद होईल आणि आपले पासवर्ड आतच राहतील.

आणि घरचं आणि ऑफिसचं खातं एकत्र जोडण्याची आयडिया तर अजिबात नको. लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजर कंपनीचं २०२२ मधलं प्रकरण आठवत असेल. क्लाउडमधल्या बॅकअपच्या किल्ल्या त्यांच्या चारच डेव्हऑप्स इंजिनिअरांकडे (सर्व्हर-यंत्रणा सांभाळणारे) होत्या, हल्लेखोराने त्यातल्या एकाला गाठलं, पण ऑफिसात नाही, घरच्या कॉम्प्युटरवर, एका मीडिया सॉफ्टवेअरच्या भोकातून. कीलॉगर (टाइप केलेली प्रत्येक की टिपणारा प्रोग्राम) टाकला, मास्टर पासवर्ड टिपला, आणि त्या माणसाचा घरचा आणि ऑफिसचा व्हॉल्ट जोडलेला असल्यामुळे एकाच मास्टर पासवर्डवर दोन्ही उघडले. तिथून पुढे ग्राहकांच्या व्हॉल्टचे बॅकअप चोरीला गेले, त्यात वेबसाइटचे पत्ते तर एन्क्रिप्टसुद्धा केलेले नव्हते. ब्रिटनच्या आयसीओने, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षणाच्या सरकारी नियामकाने, याबद्दल डिसेंबर २०२५ मध्ये त्यांना १२ लाख पौंडांच्या वर दंड केला. एवढे सगळे तज्ज्ञ ज्या कंपनीत, तिथे हे झालं, तर आपल्या ऑफिसातल्या सामायिक कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात.

म्हणजे दोन वेगळी बिलं भरायची का? तसंही नाही. वनपासवर्ड बिझनेस घेतलं तर प्रत्येक कर्मचाऱ्याला घरासाठी फॅमिली खातं फुकट मिळतं, बिटवॉर्डन एंटरप्राइझमध्ये पण तशीच सोय आहे. खाती वेगळी, मास्टर पासवर्ड वेगळे, पैसे एकदाच. पाच-सहा माणसांचं ऑफिस असेल तर फॅमिली आणि या बिझनेस-एंटरप्राइझ प्लॅनच्या किमतीतला फरक बघून नाक मुरडण्याआधी हे धरून हिशोब करा. एसएसओ (ऑफिसच्या एकाच लॉगिनने सगळीकडे शिरणं) आणि एससीआयएम (माणसांची खाती आपोआप उघडणं-बंद करणं) वगैरे जे शब्द बिझनेसच्या पानावर मोठ्या अक्षरात असतात ते मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गुगल वर्कस्पेसवर चाललेल्या मोठ्या ऑफिसांसाठी, पाच जणांना त्याची गरज नाही.

एकटे फ्रीलान्सर असाल तर सरळ पर्सनल घ्या, बिटवॉर्डनचं फुकट खातं पण बरंच काही देतं. जोडीला दुसरा माणूस आला, आणि तो पगारावर आला, की मग विचार बदला. नवरा-बायको मिळून दुकान चालवत असतील तर मी फॅमिलीच सांगेन, तिथे कोणी कोणाला कामावरून काढत नाही (बहुतेक).

ओटीपीचं दुखणं मात्र यातला कुठलाच प्लॅन घेऊन जात नाही. ऑथेंटिकेटर ॲपमधले सहा आकडी कोड व्हॉल्टमध्ये ठेवता येतात, पण क्लायंटच्या मोबाइलवर जाणाऱ्या एसएमएसला पासवर्ड मॅनेजर काहीच करू शकत नाही, त्यामुळे "काका, ओटीपी आला का बघा ना" हा फोन चालूच राहणार.

शेवटचं काम हलवाहलवीचं, आणि ते लोक अर्धवट सोडतात. ती पासवर्डची एक्सेल सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्त्याची फाइल) म्हणून सेव्ह करायची, पासवर्ड मॅनेजरमध्ये इम्पोर्ट करायची, दहा-वीस क्लायंटचं लॉगिन करून बघायचं, आणि मग सीएसव्ही आणि मूळ एक्सेल दोन्ही उडवायच्या, रीसायकल बिनमधूनसुद्धा, प्रत्येक कॉम्प्युटरवरून, स्वतःला मेल केलेली कॉपी आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी पण. टॅलीचा बॅकअप घेतो त्या पेनड्राइव्हवर पण बघा, तिथे एक असतेच.