तोमर : फेकायच्या भाल्याचं जुनं नाव

महाभारतातलं कुठलंही मोठं युद्धवर्णन उघडा, शक्ती, प्रास, तोमर, पट्टिश ही नावं एका दमात येतात. अनुवादात त्यातल्या बहुतेकांचे सरसकट ‘भाले’ होतात आणि तोमराची ओळखच पुसली जाते. तोमर मुख्यतः फेकून मारायचा. काही कोशांनी त्याला ‘लोखंडी सोटा’ असाही अर्थ दिला आहे, पण महाकाव्यांतल्या बहुतेक प्रसंगांत तो बसत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात तोमर ‘हलमुख’ शस्त्रांत येतो, म्हणजे ज्यांचं टोक नांगराच्या फाळासारखं असतं अशांत. या ग्रंथाचे भाष्यकार त्याची लांबी चार ते पाच हात देतात, साधारण सहा ते साडेसात फूट. कौटिल्य प्रास आणि कुंत हे भाले वेगळे मोजतो. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश मात्र ‘प्रासस्तु कुन्तः’ म्हणून दोन्ही एक करतो. शस्त्रांचा हिशेब ठेवणाऱ्याला जो फरक महत्त्वाचा वाटला, तो शब्द जमवणाऱ्याला वाटला नाही. तोमराला अमरकोशात ‘सर्वला’ हा एकच समानार्थी जोडीदार आहे.

यादीतून बाहेर पडून तोमर खरा दिसतो तो द्रोणपर्वात. प्राग्ज्योतिषाचा राजा भगदत्त हत्तीवरून कृष्णार्जुनांवर चौदा तोमर फेकतो आणि अर्जुन प्रत्येकाचे तीन तीन तुकडे करतो. हत्तीच्या पाठीवरून तलवार खालच्या रथापर्यंत पोचत नाही, तिथे फेकायचंच शस्त्र हवं. कवीला युद्धाची जाण होती, हे अशा ठिकाणी कळतं. यानंतर भगदत्त अंकुशच वैष्णवास्त्र म्हणून सोडतो, कृष्ण ते छातीवर झेलतो, आणि तोमर वाचकाच्या लक्षातून निघून जातात. मला तरी ते चौदा तोमर जास्त खरे वाटतात.

पुढे तोमर हे एका छंदाचंही नाव झालं. चरणात बारा मात्रा, शेवटी गुरू-लघू. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, अरण्यकांडात, खर-दूषणाचं सैन्य ‘सर चाप तोमर सक्ति सूल’ घेऊन धावून येतं. आणि थोड्याच ओळींनंतर रामाचे बाण सुटतात ते याच छंदात :

तब चले बान कराल। फुंकरत जनु बहु ब्याल॥

मोठ्याने म्हणून पाहा. ‘कराल’, ‘ब्याल’ या शेवटांवर आवाज ताणला जातो आणि लगेच तुटतो. राक्षसांच्या हातातलं शस्त्र आणि रामाच्या बाणांची लय यांचं नाव एकच, आणि तेही एकाच प्रसंगात. हे जाणूनबुजून केलं असो वा नसो, वाचताना अंगावर काटा येतो.

मराठीत तोमर पोथ्यांपुरता उरला. रणांगणावरचे मराठी शब्द भाला, बरची आणि विटा. यातला विटा तोमराच्या सर्वांत जवळचा : मागे दोरी बांधलेला, फेकून पुन्हा ओढून घेता येणारा. तोही शब्द मागे पडला, आणि आता मैदानावरच्या खेळासाठी आपल्याला ‘भाल्या’ला ‘फेक’ जोडून ‘भालाफेक’ म्हणावं लागतं.